भाव पडलेत म्हणून घर घेताय? आधी गल्ल्याला विचारा



मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका पोराचा फोन आला. तेलगावातच त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. तीन वर्षं झाली, बरं चाललंय. म्हणाला, "दादा, पुण्यात वाघोलीला चाळीसचा फ्लॅट छत्तीसला देतायत. एजंट म्हणतो मार्केट डाऊन आहे, असा चान्स परत येत नाही. माझ्याकडे सात लाख आहेत. घेऊन टाकू का?"

मी विचारलं, "तुझ्या दुकानात आज माल किती आहे?"

तो म्हणाला, "दादा, मी घराचं विचारतोय."

मीही घराचंच विचारत होतो. हा प्रश्न आता वारंवार येतोय, म्हणून यावेळी व्हिडिओसोबत थोडं सविस्तर लिहितोय. माझं मत सरळ आहे. पडत्या बाजारात घर घ्यायचं की नाही, हे बाजार कुठपर्यंत पडला यावर ठरत नाही. घर घेतल्यानंतर बाजार आणखी पडला आणि त्याच वर्षी धंदाही बसला, तर तुम्ही किती महिने तग धरू शकता, यावर ठरतं. नोकरदार माणसाला ही दोन संकटं वेगवेगळी येऊ शकतात. आपल्यासारख्या दुकानदाराला ती बहुतेक वेळा हातात हात घालूनच येतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. बीबीएला आम्हाला वर्किंग कॅपिटलवर पूर्ण धडा होता, मार्कही चांगले पडले होते. तरी २०१६ साली मी तीच चूक केली.

माझ्या प्लॉटची गोष्ट

२०१५-१६ आठवून बघा. माजलगाव धरण कोरडं पडलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्याकडे ऊस नाही, म्हणजे कारखान्याचा पैसा नाही. कारखान्याचा पैसा नाही, म्हणजे माझ्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. अशा वेळी प्लॉटचे भाव खाली आले असणार, हे कुणालाही कळतं. मलाही कळलं, आणि मी स्वतःला फार हुशार समजलो.

गावाच्या कडेला दोन गुंठे, सहा लाखांत ठरले. मालक आधी साडेसात म्हणत होता. चार लाख इसार दिला. शंभराच्या बाँडवर लिहून नोटरी केली. एनए नव्हता, लेआऊट मंजूर नव्हता, खरेदीखत 'पुढं बघू' असं ठरलं. सगळे तसंच करत होते. शिवाय "रेल्वे येणार, मग काय भाव होईल बघ" हे होतंच.

त्या चार लाखांतले तीन लाख दुकानाचे होते. पावसाळ्यात सिमेंट-सळई कमी खपते, तेव्हा पैसा मोकळा दिसतो. तो मोकळा नसतो. दिवाळीनंतरच्या मालासाठी तो थांबलेला असतो. हे मला तेव्हा कळत होतं, पण दीड लाख सुटतायत हे जास्त दिसत होतं.

पाऊस त्या वर्षी चांगला झाला. मी खूश. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या.

पुढचे काही महिने बांधकामं जवळजवळ थांबली. मजुरीला रोख नाही, वाळूला रोख नाही. माझ्याकडे आधीची उधारी अडकलेली आणि डिस्ट्रिब्युटरला पैसे द्यायचे. मी प्लॉट विकायला काढला. सहाला नको, साडेपाचला नको, पाचला नको. लोक 'नको' म्हणत नव्हते, हे लक्षात घ्या. "बघू, सांगतो" म्हणत होते. वर्षभर एकही माणूस प्लॉट बघायलासुद्धा आला नाही. शेवटी त्याच मालकाने चौदा महिन्यांत, तुकड्या-तुकड्याने, तीन लाख चाळीस हजार परत केले. तेही नातं होतं म्हणून.

तुम्ही म्हणाल, साठ हजारच गेले. नाही. त्या चौदा महिन्यांत रोखीचा डिस्काउंट गेला, दोन कंपन्यांच्या मालाचे रेट मला वाढवून मिळाले, आणि तीन ठेकेदार माल नसल्यामुळे माजलगावला जायला लागले. त्यातला एक अजून परत आलेला नाही.

मला त्या वर्षी एक गोष्ट समजली. आपल्याकडे बाजार पडतो तेव्हा भाव पडत नाही, गिऱ्हाईक नाहीसं होतं. भाव तोंडी तोच राहतो. कुठलाही मालक पाचचा प्लॉट चारला झाला असं मान्य करत नाही. तो थांबतो. शेअरसारखा रोजचा आकडा स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून घेणाऱ्याला वाटतं किंमत टिकून आहे. विकायला गेल्यावर कळतं की ती किंमत फक्त बोलण्यातली होती.

आणि रेल्वे? अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला, बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ ला. बीडच्या पुढे परळीकडचा टप्पा त्यानंतरचा. रेल्वे येते, आनंद आहे. पण ज्याने १९९६ ला रेल्वेच्या भरवशावर प्लॉट घेतला, त्याच्या पोरांची लग्नं झाली तोवर. 'इथे काय होणार आहे' यावर घर घेऊ नका. 'इथे आज काय आहे' ते बघा: पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना, आणि तुमचं गिऱ्हाईक.

पडलेला भाव दिसतो कुठे?

शहरात तो रेटच्या बोर्डावर दिसत नाही. २०१६ ते २०२० हा काळ महाराष्ट्रातल्या घरबाजाराला फार जड गेला. नोटबंदी, मग १ मे २०१७ पासून रेरा, त्याच जुलैत जीएसटी, सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाली आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचा हात आखडला, आणि २०२० ला लॉकडाऊन. या काळात जाहिराती आठवा. 'भाव कमी केला' असं कुणी म्हणत नव्हतं. पार्किंग फ्री, मॉड्युलर किचन फ्री, मुद्रांक शुल्क आमच्याकडून, ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही. हीच ती घट, फक्त वेगळ्या कपड्यात.

बिल्डर रेट का उतरवत नाही? कारण एका करारात कमी आकडा नोंदवला की मागचे सगळे गिऱ्हाईक भांडायला येतात, आणि पुढचे तोच आकडा मागतात. म्हणून तो वस्तू देतो. तुम्ही वस्तू घेऊ नका. किचन, पार्किंग, सोन्याचं नाणं, जे काही देतोय त्याची किंमत करारातल्या रकमेतून कमी करून मागा. रक्कम कमी झाली की कर्ज कमी, व्याज कमी. चार लाखांचं फर्निचर फुकट मिळालं असं वाटतं, पण ते चार लाख वीस वर्षं व्याजासकट तुम्हीच फेडता.

'ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही' याबद्दल तर हात जोडून सांगतो. कर्ज तुमच्या नावावर असतं, हप्ता बिल्डर भरतो म्हणतो. त्याने भरायचं थांबवलं की सिबिल तुमचं खराब. नॅशनल हाउसिंग बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजना थांबवायला सांगितलं, ते उगाच नाही. चीनमध्ये २०२२ ला अर्धवट इमारतींतल्या ग्राहकांनी वैतागून हप्तेच भरायचे बंद केले होते. पडत्या बाजारात सगळ्यात स्वस्त दिसतं ते न बांधलेलं घर, आणि सगळ्यात जास्त धोका त्यातच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के आहे, आणि ४५ लाखांपर्यंतच्या, ठरलेल्या आकाराच्या घरांना १ टक्का. पण जीएसटीपेक्षा मोठा फरक हा की तयार घराला तुम्ही हात लावून बघू शकता. तरी चालू प्रोजेक्टमध्ये घ्यायचंच असेल, तर महारेराच्या साइटवर जाऊन ताब्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही बघा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, हे त्याला माहीत असतं. तुम्हालाही माहीत आहे, हे त्याला कळू द्या.

आणखी एक भानगड पडत्या बाजारातच होते. बाजारभाव रेडी रेकनरच्या खाली जातो. तुम्ही घासाघीस करून वीस लाखांची जागा सोळाला घेतली, पण रेकनरप्रमाणे ती वीसचीच आहे. मग मुद्रांक शुल्क वीसवर भरावं लागतं. वर, फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते चार लाख आयकर खातं तुमचं उत्पन्न धरू शकतं. म्हणजे स्वस्तात घेतल्याचाच कर. सौदा ठरवायच्या आधी त्या गटाचा, त्या विभागाचा रेकनर दर काढा. नोंदणी विभागाच्या साइटवर मिळतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि शंभरातले नव्वद लोक करत नाहीत.

गावाकडचा बाजार कसा ओळखायचा, तर हार्डवेअरवाल्याला विचारा. घर बांधताना आधी सळई आणि सिमेंट लागतं, नंतर वायरिंग-पाइप, शेवटी टाइल्स आणि रंग. मंदी येते तेव्हा पायाचा माल पहिला थांबतो. रंग मात्र पुढचे आठ-नऊ महिने विकला जातो, कारण आधी सुरू झालेली घरं पूर्ण होत असतात. म्हणून बाहेरून सगळं छान दिसतं, नव्या घरांच्या वास्तुशांती होत असतात, आणि इकडे माझ्या वहीत सळईची ऑर्डर निम्म्यावर आलेली असते. उलटं पण तसंच. पायाचा माल परत हलायला लागला की समजा, घासाघीस करायची वेळ संपत आलीय. रस्त्याने जाताना अर्धवट घरांच्या कॉलममधून वर आलेल्या सळया बघा. गंजलेल्या असतील तर तो मालक अडकलाय. त्याच्याशी बोलणं सुरू करायला हरकत नाही. त्याची अडचण लुटायची नाही, पण रोख आणि चेक-आरटीजीएसचा स्वच्छ व्यवहार त्यालाही हवाच असतो.

सवलतीच्या तारखेला पळू नका

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली, डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्के. त्याचा बाजाराला मोठा फायदा झाला, यात वाद नाही. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निबंधक कार्यालयांबाहेर ज्या रांगा लागल्या, त्यात उभा असलेला माणूस काय घासाघीस करणार होता? तीस लाखांवर तीन टक्के म्हणजे नव्वद हजार. ते वाचवायच्या घाईत, जो बिल्डर सप्टेंबरात दोन लाख सोडायला तयार होता, तो डिसेंबरात वीस हजारसुद्धा सोडत नव्हता, हे मी ओळखीच्या दोघांकडून ऐकलंय. सरकारने दिलेली सवलत बिल्डरच्या खिशात गेली. कायम असलेली सवलत घ्या ना. महिलेच्या नावावर घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का कमी आहे. त्यासाठी रांग नाही की पळापळ नाही. बायकोच्या नाहीतर आईच्या नावावर घ्या. बरेच भाऊ इथे गप्प होतात, पण असो.

त्याच काळात दुसरी लाट होती स्वस्त कर्जाची. रेपो दर मे २०२० पासून ४ टक्के होता. मार्च २०२१ मध्ये गृहकर्ज पावणेसात टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. २५ लाख, २० वर्षं, ६.७ टक्के धरलं तर हप्ता १८,९०० च्या आसपास. लोकांनी त्या हप्त्यावर घरं घेतली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ६.५ वर गेला. तोच हिशोब ९.२ टक्क्यांनी केला तर हप्ता होतो २२,८००. आणि ९.२ ने २५ लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच १९,१६६ रुपये. म्हणजे जुना हप्ता व्याजालासुद्धा पुरला नसता! अनेकांच्या बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली, आणि दोन वर्षं हप्ते भरूनही मुद्दल जवळपास जागेवरच राहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तुम्ही विचारत जा.

२०२५ मध्ये रेपो परत उतरला, ६.५ वरून ५.२५ वर. आता परत तेच ऐकू येतंय, 'हप्ता परवडतोय, घ्या'. आजच्या हप्त्यावर हो म्हणू नका. कागदावर अडीच टक्के वाढवून हप्ता काढा, तो झेपतो का बघा. झेपला तर पुढे.

त्या पोराचा हिशोब

आता वाघोलीचा फ्लॅट घेऊ. मी त्याला दुकानातच बसवलं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं.

किंमत ३६ लाख. बँक ८० टक्के कर्ज देते असं धरलं, तर २८ लाख ८० हजार. उरले ७ लाख २० हजार, ते त्याचे. मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, म्हणजे सव्वादोन-अडीच लाख. नोंदणी फी ३० हजार. हे बँक किमतीत धरत नाही, हे खिशातून. दहा लाख तिथेच झाले. त्याच्याकडे सात. "उरलेले सासरे देणार होते," म्हणाला.

दुकानदाराला दर थोडा जास्तच लागतो. साडेआठ धरले तर वीस वर्षांचा हप्ता २५ हजार. फ्लॅट भाड्याने देणार, एजंटने सांगितलेलं भाडं १३ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स अडीच हजार. महिन्याला खिशातून जाणार साडेचौदा हजार. सुरुवातीला हप्त्यातले साडेचार हजारच मुद्दलात जातात, वीस हजार चारशे व्याज. ते मुद्दल आपलं म्हणून बाजूला काढलं, तरी महिन्याला जवळपास दहा हजार जळतात. चार लाखांचा डिस्काउंट साडेतीन वर्षांच्या आत संपला. तोवर भाडेकरू एक महिनाही रिकामा राहिला नाही, असं धरून.

आणि दुकानाचं निव्वळ उत्पन्न महिना चाळीस हजार. दिवाळीत साठ, पावसाळ्यात पंचवीस.

"दादा, पण पोरांच्या शिक्षणाला पुढं पुण्याला जावंच लागेल की," तो म्हणाला. पोरगी दीड वर्षाची आहे. मी म्हटलं, जाशील तेव्हा तिथे भाड्याने राहा. पंधरा वर्षांनी तिला कोणत्या शहरात जायचं असेल हे आज तू कसं ठरवतोस? ती लातूरला म्हणेल, संभाजीनगरला म्हणेल.

इथे माझं मत थोडं कडक आहे, आणि काहींना पटणार नाही. ज्याचं शटर तेलगावात आहे, त्याने पहिलं घर पुण्यात घेऊ नये. आपण वाघोलीला दर महिन्याला जाऊन गळणारा नळ बघणार नाही, भाडेकरूशी बोलणार नाही. तिथला भाव पडतोय की वाढतोय, हे आपल्याला एजंटच सांगणार. माहिती नसलेल्या बाजारात स्वस्त काय आणि महाग काय, कळणार कसं? तेलगावात, माजलगावात कुठल्या गल्लीत पाणी तुंबतं, कुठल्या प्लॉटवर भावकीचा दावा आहे, हे तुम्हाला चहाच्या टपरीवर कळतं. ही माहिती पुण्याच्या कुठल्याही गुंतवणूकदाराकडे नाही. ती तुमची कमाई आहे, ती वापरा.

त्यातही माझी पसंती 'खाली दुकान, वर घर' याला. गोदामाचं भाडं वाचतं, रात्री माल उतरवता येतो, घरातलं माणूस दोन तास काउंटर सांभाळू शकतं. फक्त हायवेला लागून असेल तर रस्त्याच्या मध्यापासून बांधकामाची रेषा कुठे येते, हे आधी तपासा. रुंदीकरणात दुकानाचा पुढचा भाग गेला की वरचं घरही गेलं. गावठाणात जागा असेल तर उत्तमच. नुसत्या नमुना ८ वर कर्जाला बँका कुरकुर करतात, पण गावठाणाच्या ड्रोन मोजणीनंतर ज्यांना मिळकत पत्रिका मिळाली आहे, त्यांनी ती घेऊन बँकेत विचारून बघावं.

गुंठ्याच्या प्लॉटबद्दल मी बोलायला सगळ्यात लायक माणूस आहे, म्हणून ऐका. १२ जुलै २०२१ ला नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने एक-दोन गुंठ्यांची खरेदीखतं थांबली, तेव्हा नोटरीवर घेतलेले किती लोक लटकले ते आपण बघितलंय. पुढे कोर्टात गेलं, सरकारनेही नंतर नियम सैल केले. पण कायदा सैल होईल या आशेवर घर बांधायचं नसतं. सातबारावर तुमचं नाव लागणार नसेल, तर ती जागा स्वस्त नाही, ती तुमची नाहीच.

मग कधी?

मी त्याला सांगितलं, तारीख बघू नकोस, तीन कागद बघ.

पहिला कागद म्हणजे तुझे रिटर्न. ज्याला सगळे ४४ एडी म्हणतात, त्या योजनेत तू टर्नओव्हरच्या सहा-आठ टक्के नफा दाखवून मोकळा होतोस. कर वाचतो, बरं वाटतं. पण बँक गल्ला बघत नाही, रिटर्नमधलं उत्पन्न बघते, तेही दोन-तीन वर्षांचं. महिना चाळीस हजार कमावणारा माणूस रिटर्नमध्ये वर्षाला अडीच लाख दाखवतो, आणि मग २८ लाखांचं कर्ज मागतो. बँक नाही म्हणते, मग तो जास्त दराच्या फायनान्सकडे जातो. घर घ्यायची तयारी तीन वर्षं आधी, सीएच्या ऑफिसात सुरू होते.

दुसरा, दुकानाची वही. डाऊन पेमेंट आणि सगळा खर्च काढल्यावरही तीन महिन्यांच्या खरेदीचा पैसा आणि सहा हप्ते शिल्लक राहतात का? उधारी यात मोजायची नाही. उधारी आली की आपली, तोवर लोकांची. राहत असतील तर बाजार कसाही असो, घे. राहत नसतील तर बाजार कितीही पडो, थांब. त्या सात लाखांतले दोन लाख स्पेअर पार्ट आणि डिस्प्लेच्या रोख खरेदीत घातले, तर त्याचं चित्र वर्षात बदलतं, हे त्यालाही माहीत होतं. तो दर आठवड्याला बीडहून उधार माल आणतो आणि चढ्या भावाने आणतो.

तिसरा कागद विकणाऱ्याचा. त्याचं सातबारा किंवा मिळकत पत्रिका, एनए आदेश, मंजूर लेआऊट, फेरफार, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. पडत्या बाजारात अडचणीतला माल जास्त विकायला येतो, कारण चांगल्या कागदाचा मालक थांबू शकतो. म्हणून तेजीत बघता त्याच्या दुप्पट बघा.

आपल्या भागात घासाघीशीचे महिने जून-जुलै. पेरणी, शाळेची फी, हात तंग. कारखान्याचं बिल आणि ऊसतोडीची उचल गावात आली की लोकांच्या हातात पैसा असतो, तेव्हा मालक ताठ असतात. तुमचा पैसा मात्र जूनमध्ये मोकळा असला पाहिजे. आणि तो दिवाळीच्या मालाचा नसला पाहिजे, माझ्यासारखा.

रोखीचं काय, असं नेहमी विचारतात. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख इसार घेणं २०१५ पासून बंद आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा, घेणाऱ्याला. विकणारा रोख मागत असेल तर हे त्याला शांतपणे सांगा. त्यात तुमचंही भलं आहे, कारण रोख दिलेल्या पैशावर कर्ज मिळत नाही आणि सौदा फिसकटला तर पुरावा राहत नाही.

राहतं घर धंद्याच्या कर्जाला तारण ठेवायचं की नाही, हा मोठा विषय आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो. तोवर एवढंच, की पहिल्या पाच वर्षांत ठेवू नका. विनातारण मुद्रा कर्ज त्यासाठीच आहे.

वाघोलीच्या एजंटने त्याला नंतर तीन फोन केले. छत्तीसचा पस्तीस झाला, मग वर एसी फ्री झाला. पोराने अजून नाही म्हटलेलं नाही, पण टोकनही दिलेलं नाही. परवा दुकानात आला तेव्हा हातात माजलगावच्या एका जुन्या घराच्या मिळकत पत्रिकेची प्रत होती. मालक संभाजीनगरला मुलाकडे गेलाय, बावीस म्हणतोय, घर आठ महिने बंद आहे. पत्रिकेवर मालकाच्या दोन बहिणींची नावं आहेत. मी त्याला म्हटलं, भाव नंतर बोल, आधी दोघी सही करायला येणार का ते विचार. रविवारी तो त्यातल्या थोरलीला भेटायला केजला जाणार आहे.